ऐनवेळचा विषय

लालबागच्या आमच्या मंडळाच्या खोलीत एक जुना पंखा आहे. त्याच्या तिन्ही पात्यांवर लाल रंगाने अक्षरं लिहिलेली आहेत. पहिल्या पात्यावर 'कै.' आणि नाव, दुसऱ्यावर वडिलांचं नाव आणि आडनाव, तिसऱ्यावर 'यांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट'. पंखा चालू असताना यातलं काही दिसत नाही, नुसतं लालसर वर्तुळ फिरत राहतं. लाईट गेली की वेग कमी होत होत ते गृहस्थ प्रकट होतात. लहानपणी बाबांबरोबर सभेला यायचे, तेव्हा मोठ्यांचं बोलणं रटाळ झालं की मी लाईट जायची वाट बघत बसायचे.

खोली दहा बाय बाराची, दुसऱ्या मजल्यावर. गिरण्या चालू होत्या तेव्हा आमच्या गावची वीसेक माणसं इथे पाळीपाळीने झोपायची. एकाची वळकटी उठली की दुसऱ्याची पसरायची. ट्रंका ठेवायच्या फळ्या भिंतीला अजून आहेत, त्यांवर आता मंडळाच्या वह्या असतात. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सभेपुरती खोली उघडते. गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, तालुक्याचं. नगरपंचायत झाल्यापासून त्याला शहर म्हणायचं असतं, पण आमच्या तोंडात गावच बसलंय.

मी या मंडळाची चिटणीस आहे. सभेला नियमाने येणारी बाई मी एकटीच, आणि माझं अक्षर चांगलं आहे, एवढी पात्रता पुरली. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, जमाखर्चास मंजुरी देणे, पालखीचा विषय, आणि शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय', हा क्रम मला झोपेतही पाठ आहे. खरं बोलणं शेवटच्या विषयात होतं. तोवर चहा आलेला असतो.

शिमग्यानंतरच्या सभेत या शेवटच्या विषयात तरुण मुलं आली. गावी जाऊन आलेल्या एका काकांनी तक्रार मांडली. बाजारपेठेच्या टोकाला मोरी आहे, तिच्या दोन्ही कठड्यांवर रात्री अकरा-अकरापर्यंत पोरं मोबाईलमध्ये डोकं घालून बसतात. बायकामाणसांना तिथून जायची चोरी झालीय. (मोरी म्हणजे न्हाणी नव्हे. ओढ्यावरून रस्ता नेताना बांधतात ती.) "पोरं वाया चालली," असं म्हणून काका बसले, आणि खोलीतल्या सगळ्या पांढऱ्या डोक्यांनी मान हलवली.

मी वही लिहिताना मनात हसले. जुनी इतिवृत्तं मी चाळलेली आहेत. तंबूतल्या सिनेमाने पोरं वाया गेली होती. मग व्हिडिओने गेली. एकदा तर एसटीचा थांबा बाजारात आला म्हणून गेली होती. त्या वाया गेलेल्यांपैकी निम्मे आता समोर बसून मान हलवत होते.

पण पैशाचा प्रश्न खरा होता. मंडळाकडे अकरा लाखांची मुदत ठेव आहे. सभामंडपासाठी वर्गणी जमवली होती, तो सभामंडप पुढे दुसऱ्याच निधीतून उभा राहिला आणि पैसे उरले. ते तरुणांसाठी वापरावेत यावर कुणाचं दुमत नव्हतं. काय करावं यावर मात्र तासभर रण माजलं. व्यायामशाळा बांधू. नको, ओपन जिम बसवू. नको, हल्ली ते टर्फ असतं तसं करू. अध्यक्ष शेवटी माझ्याकडे वळले. "ताई, तुम्ही मे महिन्यात जाताच आहात. जरा बघून या काय ते."

गावी जायच्या आधी मी बरेच दिवस मनाने परळलाच फिरत होते. मी तिथे वाढले. आमच्या चाळीपासून पाच मिनिटांवर कामगार कल्याण केंद्र होतं. तळमजल्यावरच्या दोन मोठ्या खोल्या. सकाळी शिशुवर्ग, दुपारी शिवणवर्ग, संध्याकाळी वर्तमानपत्रं आणि कॅरम. केंद्रात एक बाई होत्या. बरोबर साडेचारला कमरेचा चाव्यांचा जुडगा काढून दार उघडायच्या. त्या पाच मिनिटं आधी यायच्या आणि आम्ही दहा.

बाईंनी आम्हाला खेळातलं काही म्हणजे काही शिकवलं नाही. त्या दाराजवळ खुर्ची टाकून स्वेटर विणत बसायच्या. मुंबईत हा माणूस स्वेटर कुणासाठी विणतो हे कोडं मला आजही सुटलेलं नाही. आत दोन कॅरम बोर्ड. एकावर शंभरचा बल्ब वायरीने खाली सोडलेला, त्याला पुठ्ठ्याची टोपी, म्हणजे उजेड फक्त बोर्डावर पडायचा आणि खेळणाऱ्यांचे चेहरे अंधारात. बोरिक पावडरचा डबा बाईंच्या ताब्यात. चिमूटभर मिळायची. उजवीकडच्या खालच्या भोकाजवळ लाकडाला बारीकसा खड्डा होता, तिथून सोंगटी हमखास वळायची. ज्याला तो खड्डा ठाऊक, तो अर्धा डाव तिथेच जिंकायचा. मंगळवारी आणि शुक्रवारी बोर्ड मुलींचा असे. त्या दिवशी बाई खुर्ची जराशी सरकवून बरोबर उंबऱ्यात घ्यायच्या. बोलायच्या काही नाहीत. पण विणकाम करणाऱ्या त्या बाईला ओलांडून आत जायची एकाही मुलाची छाती झाली नाही. राणी घेतली की कव्हर लागतं, हे मी तिथे शिकले. आईला वाटायचं मी शिवण शिकतेय.

त्या केंद्राचा खर्च कुठून निघायचा हे मला बाबांच्या पगाराच्या पावतीवर कळलं. वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या पगारातून थोडी चिल्लर कापली जायची. कल्याण निधी. १९५३ च्या कायद्याने ठरलेली कामगाराची वर्गणी. तिच्यावर मालकाची आणि सरकारची भर. बाबा सांगायचे, "बाईंचा पगार आम्ही देतो." त्यात थोडी बढाई होती, पण खोटं नव्हतं. राबून घरी आलेल्या माणसाने आणि त्याच्या पोरांनी संध्याकाळचं करायचं काय, हा प्रश्न गिरणगावात फार जुना. ना. म. जोशींनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली तेव्हापासून वाचनालयं, रात्रशाळा, नाटकं असं काही ना काही तिथे चालूच होतं. करमणूक ही तेव्हा चैनीची गोष्ट धरलेली नव्हती. तिच्यासाठी पगारातून कपात होत होती आणि लोक ती देत होते.

१९८२ च्या जानेवारीत संप झाला, तेव्हा मी तेरा वर्षांची. बाबा घरी बसले. म्हणजे खरं तर घरी बसू शकले नाहीत. आमच्या खोलीत दिवसा एक माणूस जास्त झाला की कुणाला वावरताच येत नसे. ते केंद्रात जायला लागले. आधी वर्तमानपत्र वाचायला, मग पोरांबरोबर कॅरम खेळायला. फार वाईट खेळायचे. जोर गिरणीतल्या कामाचा आणि नेम काहीच नाही, स्ट्रायकर टेबलाखाली. बाईंनी त्यांना कधी विचारलं नाही की आज सकाळपासून कसे काय. बाबांना शेवटपर्यंत त्याचं कौतुक होतं. "काय बाई होती! एक प्रश्न विचारला नाही."

मे महिन्यात गावी गेले ते हे सगळं डोक्यात घेऊन. माझ्या चुलतभावाचा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, त्याला म्हटलं, तुमच्या खेळायच्या जागा दाखव. तो हसला. पण बाईक काढली.

पहिल्यांदा क्रीडा संकुलात गेलो. ते गावापासून अडीच किलोमीटरवर, सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर. इतक्या लांब का, याचं उत्तर जमिनीत आहे. चारशे मीटरची धावपट्टी करायची तर एकेक सरळ बाजू चौऱ्याऐंशी मीटरची लागते आणि दोन्ही टोकांना साडेछत्तीस मीटर त्रिज्येची अर्धवर्तुळं. म्हणजे पावणेदोनशे मीटरहून लांब आणि नव्वद मीटरहून रुंद असा सपाट तुकडा. आमच्या गावात घरं उतारावर, शेतं खाचरांची. एवढं सपाट फक्त सड्यावर मिळतं. तेव्हा नियमाप्रमाणे धावपट्टी झाली, पण तिथे जायला वाटेत दिवा नाही, एसटी नाही, आणि चढ असा की धावपट्टीवर पोचेपर्यंत धावून झालेलं असतं. आम्ही गेलो तेव्हा कमरेएवढं वाळलेलं गवत होतं. बॅडमिंटनच्या हॉलला कुलूप. पहारेकरी भला माणूस, त्याने पाणी दिलं. चावी त्याच्याकडेच होती. पण उघडायला साहेबांची सही लागते आणि साहेब जिल्ह्याच्या गावी बसतात. खिडकीच्या काचेला नाक लावून मी आत बघितलं. नेट ताणून बांधलेलं होतं. त्यावर धूळ.

मग एसटी स्टँडमागची ओपन जिम. पावसाने आणि खाऱ्या हवेने गंजलेली, सायकलला पॅडल नाही, बाकावर शेळी. पुढे काही लिहिण्यासारखं नाही.

शाळेचं मैदान गावाच्या मध्यभागी, सपाट, छान लाल मातीचं. पाच वाजता फाटक बंद. पूर्वी इथे कंपाउंड नव्हतं तेव्हा भाऊ वगैरे सगळे इथेच वाढले. आता सुरक्षेसाठी भिंत झालीय आणि वर काचा रोवल्यात. कबड्डीच्या मैदानाला तेरा मीटर बाय दहा मीटर पुरतं. त्या भिंतीच्या आत अशी कितीतरी मैदानं मावतील.

पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं पहाटे हायवेच्या कडेला धावतात. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे. भाच्याने मला रस्त्यावरची खूण दाखवली. एका कठड्यावर पांढऱ्या रंगाने '०' आणि पुढे वळणापलीकडच्या आंब्याच्या बुंध्यावर '८००'. जाऊन-येऊन सोळाशे. "साडेपाच मिनिटांच्या आत यायचं, आत्या," तो म्हणाला. शेजारून एक कंटेनर गेला, त्या वाऱ्याने मी हलले. पहाटे साडेपाचच्या अंधारात ही पोरं इथून जीव खाऊन धावतात, आणि गावाच्या मध्यभागी ते लाल मातीचं मैदान कुलपात झोपलेलं असतं.

रात्री जेवण झाल्यावर मी भाच्याबरोबर मोरीवर गेले. पोरांनी आधी मोबाईल खिशात टाकले, मग दोघं उठून उभे राहिले, कठड्यावर मला जागा पुसून दिली. थोड्या वेळाने सैलावले. मला वाटत होतं की या मुलांना दुसरी जागा नाही म्हणून ती इथे बसतात. ते अर्धंच खरं होतं. मोरीवर रेंज येते. समोरच्या मेडिकलच्या पाटीचा उजेड रात्रभर असतो. खालून ओढ्याचा वारा येतो. आणि एकाने फार सहज सांगितलं, "इथं 'उठा' म्हणणारं कुणी नाही."

चौघंजण माझ्या डाव्या हाताला ओळीने बसून मोबाईलवर काहीतरी एकत्र खेळत होते. मी वाकून बघितलं. कॅरम! काचेवर बोट ओढलं की स्ट्रायकर सुटत होता. मांडीला मांडी लावून बसलेली चार मुलं, आणि बोर्ड चौघांच्या हातात वेगवेगळा.

"अरे, खरा बोर्ड नाही का गावात?"

"होता की. गणपती मंडळाचा. फुगला."

कोकणातल्या पावसात प्लायवूड फुगणारच. चार महिने इथे भिंतींनाही बुरशी येते. तेव्हा मला कळलं की या गावात मैदानाचा प्रश्न आठ महिन्यांचा आहे आणि छपराचा बारा महिन्यांचा.

भाचीचं वय सोळा. तिला मी दुसऱ्या दिवशी आंब्याच्या फोडी वाळत घालताना विचारलं, तू संध्याकाळी कुठे जातेस?

"क्लासला."

"आणि क्लास नसतो तेव्हा?"

"तेव्हापण क्लासलाच."

मग आम्ही दोघीही हसलो. क्लास नसलेल्या दिवशी ती आणि तिची मैत्रीण देवळाच्या मागच्या पायऱ्यांवर बसतात, दिवेलागणीच्या आत घरी. तिला बॅडमिंटन आवडतं, पण संकुल लांब. कॅरम आवडतो, पण जिथे बोर्ड असतो तिथे सगळे दादा असतात. मोरीवर बसायचा तर प्रश्नच नाही. 'तरुणांसाठी काहीतरी' हे मी चिटणीस म्हणून वहीत लिहिलं होतं, तेव्हा माझ्यासुद्धा डोळ्यांसमोर मुलगेच होते. मी मंगळवार-शुक्रवारची मुलगी असून!

निघायच्या आदल्या दिवशी वाचनालयात गेले. आमच्या गावचं वाचनालय जुनं, सरकारी अनुदानाच्या यादीत 'क' वर्गातलं. खाली पुस्तकं, वर एक लांब हॉल. पूर्वी व्याख्यानं व्हायची. आता मोडकी कपाटं, निवडणुकीच्या खोल्यांतून उरलेले पुठ्ठे, एका कोपऱ्यात पत्र्यातून गळून पडलेला पिवळा डाग. हॉल वीस पावलं लांब, नऊ रुंद. मी मोजला. खिडक्या सहा. मेडिकल समोरच, म्हणजे उजेड आणि वर्दळ दोन्ही. चावी खजिनदारांच्या घरी, देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीला.

मुंबईला परत आल्यावर एका संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर जाऊन बसले. हे मैदान पालिकेने १९२५ मध्ये खुलं केलं, तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क. दोन वर्षांनी नगरसेविका अवंतिकाबाई गोखल्यांच्या आग्रहाने ते शिवाजी पार्क झालं. आत श्री समर्थ व्यायाम मंदिर, तेही १९२५ चंच. मल्लखांबावर चढणारी पोरंपोरी बघत मी बराच वेळ थांबले. इथल्या उदय देशपांड्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. इथेच आचरेकर सर स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवायचे, ती गोष्ट तर मुंबईतल्या पोरांना मातृभाषेबरोबर शिकवतात. सगळे नाण्याचं सांगतात. मला त्या माणसाच्या रोज येण्याचं वाटतं. एक रुपया काय, कुणीही ठेवेल; तो ठेवायला वर्षानुवर्षं दुपारी मैदानात उभं राहणं अवघड.

आणि मल्लखांब, क्रिकेट जाऊ द्या, नुसता कट्टा घ्या. मुंबईने आपल्या तरुणांची केलेली सगळ्यात मोठी सोय म्हणजे मैदानाला वळसा घालणारी ती बुटकी भिंत. तिच्यावर बसायला वर्गणी नाही, कारण नाही, वेळ नाही. मुली अकरा वाजता बसलेल्या असतात. आमची मोरी आणि हा कट्टा यांत बांधकामाचा फरक फारसा नाही. पण कट्ट्यावर बसणाऱ्याला लोक कट्ट्यावरचा म्हणतात आणि मोरीवर बसणाऱ्याला वाया गेलेला.

मुंबईकडे फार कौतुकाने बघू नये, हेही तिथेच बसून वाटलं. या शहरात माणशी मोकळी जागा दोन चौरस मीटरसुद्धा येत नाही. कॅरमच्या बोर्डाभोवती चौघं ऐसपैस बसले की संपली. गिरण्या गेल्या तेव्हा १९९१ च्या नियमाने त्यांच्या जमिनीचा एक वाटा मोकळ्या जागांना मिळणार होता. २००१ मध्ये नियम असा वाकवला की वाटा फक्त आधीच रिकाम्या असलेल्या तुकड्यांपुरता उरला, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल मान्य केला. जिथे बाबा काम करायचे त्या बाजूला आज काचेचे मनोरे आहेत. माझा मुलगा शनिवारी रात्री अकराला टर्फवर खेळायला जातो. तासाला पंधराशे रुपये, चौदाजणांत वाटून. वेळ संपली की शिट्टी वाजते आणि पुढची टोळी जाळीबाहेर उभीच असते. "खेळून झाल्यावर बसता कुठे?" मी एकदा विचारलं. तो म्हणाला, "बसतो कशाला? घरी येतो."

जूनच्या सभेत मी माझं म्हणणं मांडलं. बांधकाम काहीच करायचं नाही. वाचनालयाची समिती वरचा हॉल द्यायला तयार आहे. पत्रा दुरुस्त करायचा, चार ट्यूब, दोन पंखे, दोन कॅरम, एक टेबल टेनिसचं टेबल. आणि एक बाई. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या एक आहेत, बाजारातच राहतात. रोज चार ते आठ. महिन्याला सहा हजार.

खोलीत आधी शांतता पसरली आणि मग सगळे एकदम बोलायला लागले.

"पगार? मंडळ काय ऑफिस आहे?"

"त्या बाई खेळ काय शिकवणार?"

"शिकवणार नाहीत. दार उघडणार."

"दार उघडायला सहा हजार!"

आणि मग खजिनदार तात्यांनी, फार साध्या मनाने, खरी अडचण सांगितली. "ताई, लोकांनी वर्गणी दिलीय. व्यायामशाळा बांधली तर दारात कोनशिला लावता येते, देणगीदारांची नावं येतात. बाईच्या पगारावर कोनशिला कशी लावणार?"

कुणी हसलं नाही. मीसुद्धा नाही. गावोगावच्या कुलूपबंद इमारती माझ्या डोळ्यांसमोर आल्या. प्रत्येकीच्या दारावर संगमरवरी पाटी आणि तिच्या खाली कुलूप. भिंतीला एकदाच पैसे लागतात आणि फोटो निघतो. रोज चार वाजता उठून दार उघडण्याचा फोटो कोण काढणार?

मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडून दाखवला. अकरा लाखांना हात लावायचा नाही. सात टक्क्यांनी वर्षाचं व्याज सत्त्याहत्तर हजार. बाईंचे बहात्तर हजार त्यातून जातात, पाच उरतात. दुरुस्तीला, बोर्डाला सभासदांनी वर्षातून दोनदा थोडं थोडं काढायचं. जून आणि डिसेंबर. जून-डिसेंबर म्हटल्याबरोबर मागच्या बाकावरचे दोन जुने गिरणी कामगार एकमेकांकडे बघून हसले. त्यांना कपात आठवली. त्यातल्या एकांनी मग उभं राहून सांगितलं की परळच्या केंद्रात ते रोज वर्तमानपत्र वाचायला जायचे, आणि ताईंचे वडील कॅरम खेळताना स्ट्रायकर उडवायचे तो एकदा त्यांच्या चहात पडला होता. हे इतिवृत्तात घ्यावं असा त्यांचा आग्रह होता. मी घेतलं आहे.

एक विरोध मात्र खरा होता आणि त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नव्हतं. एका तरुण सभासदाने, तो स्वतः भरतीतून पोलिसात गेलेला, विचारलं की कॅरमने नोकरी लागते का? पोरांना धावायला जागा पाहिजे. बरोबर होतं त्याचं. मी सांगितलं की शाळेचं फाटक पहाटे दोन तास उघडलं तर तो प्रश्न सुटतो. मुख्याध्यापकांचीही ना नाही, पण ते म्हणतात, जबाबदारी कोण घेणार? पडलं-झडलं तर? म्हणजे तिथेही पुन्हा चावीच. तो विषय पुढच्या सभेवर ढकलला. तो अजून तिथेच आहे आणि पोरं अजून हायवेवर धावतात.

बाकीचं मंजूर झालं, एक वर्षासाठी, प्रायोगिक तत्त्वावर. नावांचा प्रश्न अध्यक्षांनी वर बघून सोडवला. "पंखे आहेत ना दोन? पंख्यांवर घालू." लिलाव झाला म्हणायला हरकत नाही. एक पंखा एका व्यापाऱ्याने घेतला. दुसरा मी घेतला.

गणपतीला गावी गेले तेव्हा हॉल चालू होऊन दीड महिना झाला होता. पत्रा अजून एका जागी गळतो, खाली बादली आहे. बोर्ड वापरात नसले की भिंतीला उभे करून मागे झिरोचा बल्ब पेटता ठेवतात, फुगू नयेत म्हणून. ती युक्ती बाईंची. त्या दाराशी खुर्ची टाकून गणपतीसाठी वाती वळत होत्या. त्यांनी नियमही स्वतःचाच केलाय: चार ते सहा मुली, सहा ते आठ मुलगे. मुलगे यावर नाराज आहेत आणि दोन मुली पावणेसात झाले तरी हलत नव्हत्या, त्यावरून वाद चालू होता. टेबल टेनिसच्या टेबलावर एकजण पसरून मोबाईल बघत होता. खेळतच नव्हता. बाई त्याला काही म्हणत नव्हत्या.

रात्री दहाला मोरी भरलेली असते, अजूनही. काकांची तक्रार कायम आहे.

मी भाचीशेजारी बसले. तिचा नेम माझ्यापेक्षा चांगला आहे. राणी घेतली आणि कव्हर करायच्या वेळी लाईट गेली. कोकणात पावसाळ्यात जाते तशी, कुणी 'अरे' सुद्धा म्हणालं नाही. मोबाईलच्या टॉर्च लागल्या. वरचा पंखा मंदावला, लाल वर्तुळ फुटून तीन तुकडे झालं, आणि बाईंच्या पायाशी बसलेला एक छोटा मुलगा, दुसरी-तिसरीतला असेल, टॉर्च वर धरून एकेक पातं वाचायला लागला. 'कै.' त्याला कळेना. नाव मात्र त्याने पूर्ण वाचलं.

"हे कोण?"

"माझे बाबा," मी म्हटलं. "कॅरम फार वाईट खेळायचे."